बंपर फुटला; दुरुस्ती घरी करावी की गॅरेजमध्ये?

शहरातील वाहतुकीत मोटारीच्या ज्या भागाला सर्वात आधी आणि सर्वाधिक वेळा मार बसतो, तो म्हणजे बंपर. सोसायटीच्या अरुंद वाहनतळात गाडी मागे घेताना खांब लागतो, सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून रिक्षा टेकते, पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या दुभाजकाची कड दिसत नाही आणि पुढच्या बंपरचा कोपरा घासून निघतो. अशा प्रसंगी वाहनधारकापुढे तीन मार्ग असतात. विम्याचा दावा करून गाडी सेवा केंद्रात द्यायची, जवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्यायची, किंवा सुट्टीच्या दिवशी स्वतःच हत्यारे घेऊन बसायचे.

यापैकी तिसरा मार्ग वाटतो तितका अवघड नाही, पण सोपाही नाही. बंपरचा काही भाग निव्वळ शोभेचा, तर काही भाग प्रवाशांच्या आणि पादचाऱ्यांच्या जिवाशी निगडित असतो. कोणते काम घरी करता येते आणि कोणत्या कामाला हात लावू नये, ही सीमारेषा ओळखता आली तर पैसेही वाचतात आणि धोकाही टळतो.

बंपर म्हणजे केवळ प्लॅस्टिक नव्हे

प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर या गाड्यांचे चकचकीत क्रोमचा मुलामा दिलेले पोलादी बंपर जुन्या पिढीच्या स्मरणात असतील. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि तो बंपरही शहराच्या रस्त्यांवरून दिसेनासा झाला. पोलादी बंपर वाकला की हातोडीने ठोकून सरळ करता येई. मात्र त्या ताठ पट्टीमुळे धक्क्याचा बराचसा जोर गाडीच्या सांगाड्याकडे जाई आणि समोर पादचारी आला तर त्याच्या पायाला गंभीर इजा होई.

अमेरिकेत पाँटियाक जीटीओ या गाडीला १९६८ मध्ये रंग दिलेला लवचीक बंपर बसविण्यात आला. युरोपात रेनो ५ ही छोटी गाडी १९७२ मध्ये प्लॅस्टिकच्या बंपरसह आली. त्यानंतर हळूहळू जगभर पोलादाची जागा प्लॅस्टिकने घेतली.

आजच्या गाडीत ज्याला आपण बंपर म्हणतो, ते प्रत्यक्षात बाहेरचे आवरण असते. ते बहुधा पॉलिप्रॉपिलीन आणि रबरसदृश घटकांच्या मिश्रणाचे असते. त्याच्या मागे अनेक गाड्यांत धक्का शोषून घेणारा फेसाळ प्लॅस्टिकचा ठोकळा असतो. त्याच्याही मागे पोलादाची किंवा अॅल्युमिनियमची आडवी तुळई असते आणि ती सांगाड्याच्या दोन टोकांना चुरगळणाऱ्या नळकांड्यांनी जोडलेली असते. मोठ्या धडकेत ही नळकांडी स्वतः चिरडली जातात आणि आघाताची ऊर्जा प्रवाशांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडते.

थोडक्यात, आवरण हे रूप आहे आणि तुळई हे बळ आहे. आवरणाची दुरुस्ती घरी शक्य आहे. तुळई, नळकांडी आणि त्यांचे जोड यांना मात्र घरी हात लावू नये. वाकलेली तुळई ठोकून सरळ केली तर ती वरकरणी ठीक दिसते, पण पुढच्या धडकेत ती अपेक्षेप्रमाणे काम करेलच याची खात्री देता येत नाही.

प्रथम तपासणी, मग दुरुस्ती

प्लॅस्टिकच्या आवरणाचा एक दगा देणारा गुण आहे. धक्का बसला की ते आत दबते आणि पुन्हा बऱ्याच अंशी मूळ आकारात येते. बाहेर केवळ ओरखडा दिसतो, आत मात्र तुळई वाकलेली असू शकते. म्हणून दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घेणे आवश्यक ठरते.

बॉनेट आणि मडगार्ड यांतील फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? बॉनेट आणि डिकी पूर्वीप्रमाणे सहज लागतात का? हेडलाइट हाताने दाबल्यास हलतो का? गाडी तासभर उभी ठेवल्यावर खाली हिरवट, लालसर किंवा गुलाबी पाण्याचे डाग पडतात का? तसे असल्यास रेडिएटरला इजा झाल्याची शक्यता असते. वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर पुढच्या बंपरच्या लगेच मागे असतो. त्यामुळे धडकेनंतर गाडीतील गारवा कमी झाला असेल तर तेही लक्षण समजावे. चाक पूर्ण वळविल्यावर प्लॅस्टिक टायरला घासत नाही ना, हेही पाहावे. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहिला असेल तर घरगुती दुरुस्तीचा विषय तिथेच संपतो.

विम्याचे गणित

बंपर फुटला की बहुतेकांच्या मनात पहिला विचार विम्याचा येतो. मात्र लहान नुकसानीसाठी दावा करणे दर वेळी फायद्याचे असतेच असे नाही. वाहन विम्याच्या प्रचलित अटींनुसार प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रंगकामाचे बिल एकत्रित असेल तर त्याचा २५ टक्के भाग साहित्याचा मानून त्यावरही ५० टक्के कपात होते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीसाठी २,००० रुपये प्रत्येक दाव्यात वाहनधारकाला स्वतः भरावे लागतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बाराशे सीसीच्या गाडीचा बंपर ५,००० रुपयांचा, रंगकाम ४,००० रुपयांचे आणि मजुरी १,००० रुपये, असे एकूण १०,००० रुपयांचे बिल झाले. बंपरवरील घसारा २,५०० रुपये, रंगाच्या साहित्यावरील कपात ५०० रुपये आणि सक्तीचा हिस्सा १,००० रुपये वजा केल्यावर विमा कंपनी ६,००० रुपये देईल.

आता दुसरी बाजू. दावा न करणाऱ्याला ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी चढत जाते. एक दावा केला की ती शून्यावर येते. समजा, सवलतीपूर्वी स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपोटीचा हप्ता ८,००० रुपये असून वाहनधारक ५० टक्के सवलतीवर आहे. दावा केल्यावर पहिल्या नूतनीकरणात त्याचे ४,००० रुपये जातील. त्यानंतर सवलत पुन्हा पायरी-पायरीने वाढेल, पण तोपर्यंत दुसऱ्या वर्षी २,४००, तिसऱ्या वर्षी २,०००, चौथ्या वर्षी १,२०० आणि पाचव्या वर्षी ४०० रुपये जादा भरावे लागतील. एकूण नुकसान १०,००० रुपये. म्हणजे ६,००० रुपये मिळविण्यासाठी १०,००० रुपये मोजण्यासारखे झाले. सध्या २० टक्के सवलतीवर असलेल्या वाहनधारकाचे याच हिशेबाने ६,४०० रुपये जातात. प्रत्यक्षात गाडीचे विमामूल्य दरवर्षी घटते, त्यामुळे हे आकडे काहीसे कमी होतील, पण गणिताचा कल तोच राहतो.

‘झिरो डेप्रिसिएशन’ संरक्षण घेतले असेल तर घसारा कापला जात नाही आणि वरील उदाहरणात ९,००० रुपये मिळतील. तरीही सक्तीचा हिस्सा भरावा लागतो आणि बोनस जातोच. बोनसचे वेगळे संरक्षण घेतले असेल तर गोष्ट निराळी. याउलट तुळई, हेडलाइट, रेडिएटर असे मोठे नुकसान असेल तर दावा करणेच शहाणपणाचे ठरते. दावा करायचा असल्यास दुरुस्तीपूर्वीच विमा कंपनीला कळवावे आणि तिच्याकडून पाहणी होईपर्यंत बंपरला हात लावू नये. आधी दुरुस्ती आणि मग अर्ज, असा क्रम झाल्यास दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते.

ओरखडा किती खोल?

बंपरच्या रंगाचे साधारण तीन थर असतात. तळाशी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वात वर पारदर्शक लॅकरचा थर. ओरखड्यावर पाणी टाकल्यावर तो दिसेनासा होत असेल आणि त्यावरून नख फिरविताना ते अडकत नसेल, तर इजा केवळ वरच्या थराला झाली आहे असे समजावे. अशा ओरखड्यासाठी रंगाची गरज नाही. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, मऊ कापडावर रबिंग कंपाउंड घ्यावे आणि हलक्या हाताने घासावे. नंतर पॉलिश करावे. अनेकदा जो पांढरा किंवा काळा पट्टा ओरखडा वाटतो, तो समोरच्या गाडीचा अथवा खांबाचा चिकटलेला रंग असतो आणि कंपाउंडने निघून जातो. काळे किंवा करडे प्लॅस्टिक उघडे पडले असेल तर मात्र रंगकाम करावे लागेल.

पोचा आणि गरम पाणी

बंपरवरील पोचा गरम पाण्याने निघतो, हे अनेकांनी ऐकलेले असते. त्यात तथ्य आहे. पॉलिप्रॉपिलीन उष्णतेने मऊ होते आणि मऊ झाल्यावर मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते. ते सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, त्यामुळे उकळत्या पाण्याने वितळण्याचा धोका नसतो.

पोच्यावर उकळते पाणी सावकाश ओतावे, जाड हातमोजे घालून आतल्या बाजूने दाब द्यावा आणि पोचा बाहेर आला की लगेच गार पाणी टाकावे. एकदा जमले नाही तर हीच क्रिया दोन-तीनदा करावी. आतून हात पोहोचत नसेल तर चाकाच्या कमानीतील अस्तराचे दोन-चार स्क्रू काढून वाट करता येते. हे काम एकट्याने न करता दोघांनी करावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे, कारण उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका खरा आहे.

या उपायाला मर्यादाही आहेत. घडी पडून पांढरी रेघ उमटली असेल तर पोचा निघाला तरी ती खूण राहते. रंगाला तडे गेले असतील तर ते उष्णतेने वाढू शकतात. फायबर ग्लासचे बंपर अशा रीतीने मऊ होत नाहीत. पत्र्याच्या दारावर किंवा मडगार्डवर हा प्रयोग व्यर्थ आहे. हीट गनने काम लवकर होते, पण ती एका जागी काही क्षण अधिक स्थिरावली तरी रंगाला फोड येतात. नवख्याने पाणीच वापरावे.

तडा सांधताना

तडा गेलेल्या बंपरवर घरातील एपॉक्सी पुट्टी किंवा झटपट चिकटणारा डिंक लावून पाहणारे बहुतेक जण काही आठवड्यांत निराश होतात. दोष त्या डिंकाचा नसतो. पॉलिप्रॉपिलीनच्या गुळगुळीत पृष्ठभागाला सहसा काहीच धड चिकटत नाही. म्हणून आधी प्लॅस्टिकची जात ओळखावी. बंपर काढल्यावर आतल्या बाजूला ‘पीपी’, ‘टीपीओ’, ‘एबीएस’ अशी अक्षरे कोरलेली आढळतात. अक्षरे नसतील तर आतल्या बाजूस अॅसिटोनचा एक थेंब लावून पाहावा. एबीएस चिकट होते, पॉलिप्रॉपिलीनवर काहीच परिणाम होत नाही.

पॉलिप्रॉपिलीनसाठी सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे प्लॅस्टिकचे वेल्डिंग. तड्याच्या टोकाला सुमारे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. त्यामुळे तडा पुढे सरकत नाही. बाहेरून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावून दोन्ही कडा एका पातळीत धराव्यात. आतून तड्यावर इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच करावी आणि सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवावी. त्यावर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून थर द्यावा. एका जातीच्या प्लॅस्टिकवर दुसऱ्या जातीची कांडी लावली तर जोड धरत नाही.

वितळत्या प्लॅस्टिकचा धूर घातक असतो. त्यामुळे हे काम बंद गॅरेजात किंवा तळघरातील वाहनतळात न करता मोकळ्या हवेत करावे. बंपर ज्या कानांवर गाडीला बसतो, ते कानच तुटले असतील किंवा तडा वीतभराहून लांब असेल, तर दुरुस्तीपेक्षा नवे आवरण परवडते.

रंगकाम: घाई नडते

घरगुती दुरुस्ती फसते ती बहुधा रंगात. गाडीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक बॉनेटखालील पट्टीवर किंवा दाराच्या खांबावरील चिठ्ठीवर असतो. ‘पांढरा’ किंवा ‘चंदेरी’ एवढे सांगून रंग आणू नये. एकाच कंपनीच्या पांढऱ्या रंगाच्या अनेक छटा असतात.

जागा धुऊन मेण आणि तेलकटपणा काढावा. त्यानंतर वॉटर पेपरने घासावे. खडबडीत भागासाठी १८० ते २४०, प्रायमरपूर्वी ३२० ते ४०० आणि रंगापूर्वी ६०० क्रमांकाचा कागद, असा साधारण क्रम असतो. उघड्या प्लॅस्टिकवर साधा प्रायमर टिकत नाही, त्यासाठी प्लॅस्टिकचा वेगळा चिकटप्रायमर घ्यावा लागतो. लांबी भरायची असल्यास लवचीक प्लॅस्टिकसाठीचीच घ्यावी. पत्र्यासाठीची लांबी बंपर थोडा दबला तरी तडकते.

त्यानंतर रंग आणि लॅकर यांचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि फवारा वीतभर अंतरावरून सतत सरकता ठेवावा. जाड थर दिला की ओघळ येतात. पावसाळ्यातील दमट हवेत लॅकर दुधाळ पडतो, म्हणून हे काम कोरड्या दिवशी आणि थेट उन्हात न करता करावे. शेजारच्या गाड्यांवर रंगाचे तुषार उडणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी. सोसायटीतील भांडणाला एवढे निमित्त पुरते.

मेटॅलिक आणि मोतिया रंगांची छटा डब्यातील फवाऱ्याने तंतोतंत जुळणे कठीण असते. व्यावसायिक रंगारी म्हणूनच डाग न रंगविता पूर्ण बंपर रंगवितात. दोन घटक मिसळून वापरायचा लॅकर टिकाऊ असला तरी त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दम्यासारखा विकार जडू शकतो. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी असतो. हा प्रकार घरी वापरूच नये.

बंपर बदलायचा झाल्यास

नवे आवरण तीन ठिकाणी मिळते. अधिकृत विक्रेत्याकडे कंपनीचा मूळ भाग मिळतो. मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ अशा बाजारांत मूळ भागांबरोबर अन्य उत्पादकांचे स्वस्त पर्यायही मिळतात. आणि कुर्ल्यासारख्या ठिकाणी भंगारात निघालेल्या गाड्यांचे जुने बंपर मिळतात. गाडीच्या रंगाचाच जुना बंपर सापडला तर रंगाचा खर्च वाचतो. मात्र त्याचे सर्व कान शाबूत आहेत का, हे पाहावे आणि बिल अवश्य घ्यावे. चोरीच्या गाडीचा भाग गळ्यात पडू नये यासाठी ते गरजेचे आहे. खरेदीपूर्वी गाडीचे मॉडेल, वर्ष, फॉग लॅम्प आणि सेन्सरची छिद्रे या सर्वांची खात्री करून घ्यावी. नवा बंपर बहुधा प्रायमर मारलेला किंवा कोरा येतो, रंग वेगळा द्यावा लागतो.

बंपर काढण्याचे काम दोघांचे आहे. इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी. बॉनेट उघडून वरच्या क्लिपा आणि बोल्ट, नंतर चाकांच्या कमानीतील स्क्रू आणि शेवटी खालच्या बाजूचे स्क्रू काढावेत. दहा नंबरचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि क्लिपा काढण्याची प्लॅस्टिकची पट्टी एवढी हत्यारे बहुतेक गाड्यांना पुरतात. कोपऱ्याचे टोक बाहेर ओढून बंपर खाचेतून सोडवावा, पण तो पूर्ण बाजूला नेण्यापूर्वी फॉग लॅम्प आणि सेन्सरच्या तारांचे जोड काढावेत. घाईत ओढल्याने तारा तुटण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. प्रत्येक स्क्रूची जागा मोबाइलवर टिपून ठेवावी. क्लिपा काढताना हमखास तुटतात, म्हणून नव्या आधीच आणून ठेवाव्यात. बसविताना सर्व बोल्ट आधी सैल लावावेत, फटी सारख्या कराव्यात आणि मगच आवळावेत.

पुढच्या बंपरवरील नंबरप्लेटचाही विचार करावा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे आणि महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती लागू करण्यात आली आहे. तिची कुलपे एकदा तोडली की पुन्हा वापरता येत नाहीत. त्यासाठी अधिकृत केंद्राकडेच जावे लागते.

सेन्सर, रडार आणि जाळीचे गार्ड

१ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या मोटारींना मागे अडथळा सूचित करणारे सेन्सर बंधनकारक आहेत. ते बंपरमध्येच बसविलेले असतात. त्यांच्यावर लांबी किंवा रंगाचा जाड थर चढला तर ते चुकीचे इशारे देतात अथवा मुकेच राहतात. काही नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचे रडार पुढच्या ग्रिल किंवा बंपरमागे असते. त्याची दिशा किंचित बदलली तरी समोरच्या वाहनाचा अंदाज चुकू शकतो. अशा गाडीचा बंपर काढल्यास सेवा केंद्रात रडारची जुळणी करून घेणे भाग आहे. तिथे घरगुती दुरुस्तीचा आग्रह धरू नये.

पुन्हा बंपर फुटू नये म्हणून काही जण पोलादी गार्ड बसवितात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करणारे असल्याचे स्पष्ट केले आणि कारवाईची सूचना दिली. त्यामागे कारण आहे. गार्डमुळे धक्का नळकांड्यांना चुकवून थेट सांगाड्याला पोहोचतो, एअरबॅग उघडण्याच्या वेळेवर परिणाम होऊ शकतो आणि धडक बसलेल्या पादचाऱ्याची इजा वाढते.

काम पूर्ण झाल्यावर हेडलाइट, इंडिकेटर, फॉग लॅम्प आणि सेन्सर चालू करून पाहावेत, दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांना हाताने ओढून बंपर घट्ट बसला आहे का ते तपासावे आणि पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सर्व स्क्रू पुन्हा आवळावेत. महामार्गावर वेगात असताना सुटलेला बंपर चाकाखाली येतो किंवा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जातो. तेव्हा जोडाबद्दल थोडीही शंका असल्यास गाडी आधी जवळच्या गॅरेजमध्ये दाखवावी आणि मगच बाहेरगावी न्यावी.